आरे आणि 'ग्रीन' नावाचं विशेषण

गोरेगाव पूर्वेला राहणाऱ्या माणसाच्या कानावर 'ग्रीन' हा इंग्रजी शब्द रोज पडतो आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा असतो. आरे कॉलनीला वर्तमानपत्रं मुंबईचं 'ग्रीन लंग' म्हणतात. इथली जमीन विकास आराखड्याच्या भाषेत 'ग्रीन झोन'. तिच्यासंबंधीचा एक दावा काही वर्षं 'ग्रीन ट्रायब्युनल'पुढे चालला. मेट्रोच्या कारशेडला कधी 'ग्रीन सिग्नल' मिळाला, कधी तो काढून घेतला गेला. मेट्रो स्वतः 'ग्रीन' वाहतूक म्हणून ओळखली जाते. शेजारच्या चित्रनगरीत 'ग्रीन स्क्रीन' लागलेली असते, आणि लिंक रोडवरच्या होर्डिंगवर 'ग्रीन लिव्हिंग'चे फ्लॅट विकायला असतात. शब्द एकच, पण यातला एक 'ग्रीन' उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही.

मी गोरेगावात मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. वर्गात आरेच्या पाड्यांवरची मुलं असायची, तबेल्यांच्या युनिटांमधली असायची, दूध खात्याच्या क्वार्टर्समधलीही असायची. 'ग्रीन' हा शब्द ती अगदी लहानपणी शिकून आलेली असत. रेड, ब्लू, यलो, ग्रीन. पाठ झाला की शब्द आला, अशी आपली समजूत असते. विशेषणाच्या बाबतीत ती खरी नाही. विशेषण समजायचं तर त्याच्यापुढे कोणतं नाम उभं आहे आणि ते तिथे कुणी उभं केलं आहे, हे पाहावं लागतं. आरेत हा प्रश्न व्याकरणाच्या तासापुरता राहिलेला नाही. 'ग्रीन'चा कोणता अर्थ कोणत्या कागदावर लागू झाला, त्यावर इथली झाडं राहिली किंवा गेली आहेत.

आधी या शब्दाचं मूळ पाहू. इंग्रजीत वाढणे या अर्थाचं 'ग्रो', गवत या अर्थाचं 'ग्रास' आणि 'ग्रीन' हे तिन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. म्हणजे मुळात 'ग्रीन' म्हणजे जे वाढतं आहे ते. त्यात रस आहे, ओल आहे, ते अजून पिकलेलं किंवा वाळलेलं नाही. रंग हा त्याचा एक पैलू. ही गोष्ट कळली की इंग्रजीतले बरेच प्रयोग आपोआप उलगडतात, आणि मराठी तिथे 'हिरवा' का म्हणत नाही हेही लक्षात येतं. 'ग्रीन मँगो' म्हणजे कैरी. 'ग्रीन कोकोनट' म्हणजे शहाळं. 'ग्रीन ग्राम' म्हणजे मूग. 'ग्रीन जिंजर' म्हणजे सुंठ होण्याआधीचं आलं, आणि 'ग्रीन वुड' म्हणजे चुलीत घातलं की नुसता धूर करणारं ओलं लाकूड. इंग्रजीला जिथे विशेषण जोडावं लागतं तिथे मराठीकडे स्वतंत्र नाम आहे, नाहीतर ओला, कच्चा, कोवळा, ताजा यांपैकी एक नेमकं विशेषण आहे. 'ग्रीन टी' आणि 'ग्रीन कॉफी' यांचंही तसंच. चहाची पानं काळी पडू न देता वाळवली की ग्रीन टी, कॉफीचं बी भाजलेलं नसलं की ग्रीन कॉफी.

या अर्थाचं माझं आवडतं उदाहरण कोल्हापूरचं आहे. तिथल्या फाउंड्यांमध्ये लोखंडाचं ओतकाम ज्या साच्यात होतं तो 'ग्रीन सँड'चा असतो. ही वाळू दिसायला काळी असते. तिच्यात बेंटोनाइट नावाची माती, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळलेलं असतं. ती ओलसर असते आणि साचा भट्टीत भाजून घेत नाहीत, म्हणून ती 'ग्रीन'. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातला कामगार दिवसभर ग्रीन सँड म्हणतो, पण त्या बोलण्याचा हिरव्या रंगाशी काडीचा संबंध नसतो. सिव्हिल इंजिनिअर ओतून घट्ट झालेल्या, पण अजून पुरती ताकद न आलेल्या काँक्रीटला 'ग्रीन काँक्रीट' म्हणतात. आता फ्लाय अ‍ॅश वगैरे घालून सिमेंट कमी वापरलेल्या काँक्रीटलाही 'ग्रीन काँक्रीट' म्हणायला लागले आहेत. एकाच साइटवर दोन ग्रीन काँक्रीट, एक कच्चं म्हणून आणि दुसरं पर्यावरणाला बरं म्हणून. त्यातलं कुठलं, हे बोलणाऱ्याला विचारूनच घ्यावं लागतं.

कच्चेपणाचाच अर्थ पुढे माणसाला लागला. कामात नवखा, जगाचा अनुभव नसलेला माणूस इंग्रजीत 'ग्रीन' असतो. अशा पोराबद्दल आपण 'अजून ओठ पिळले तर दूध निघेल' असं म्हणतो. हेवा वाटला की इंग्रज हिरवा पडतो. मराठी माणूस मात्र जळतो, त्याचा जळफळाट होतो. आपल्या 'हिरवट'ची वाट तिसरीकडेच गेली आहे. कच्च्या भाजीला येणारा हिरवट वास ठीक आहे, पण म्हाताऱ्याला हिरवट म्हटलं की ऐकणाऱ्याला काय ते समजतं. 'हिरवा' या आपल्या शब्दाभोवती हिरवा चुडा आहे, देवीच्या ओटीतला हिरवा खण आहे, सौभाग्य आहे, सुगी आहे. हे सगळं 'ग्रीन'मध्ये उतरत नाही. म्हणून शब्दकोशात ग्रीन म्हणजे हिरवा असं एका ओळीत लिहिलं की विद्यार्थ्याचं समाधान होतं, पण अर्थाचा मोठा भाग बाहेरच राहतो.

आता आरे. आरे दूध वसाहत १९४९ साली उभी राहिली ती मुंबईत जागोजागी असलेले म्हशींचे तबेले शहराबाहेर नेण्यासाठी. शहराला स्वच्छ दूध मिळावं आणि वस्त्यांमधली घाण कमी व्हावी, हा हेतू. मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांचं हे काम. १९६३ साली त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पंडित नेहरू १९५१ साली इथे आले आणि त्यांनी झाड लावलं. वसाहतीचं क्षेत्र सुमारे १,२८७ हेक्टर, म्हणजे तीन हजार एकरांहून अधिक, आणि त्यात तबेल्यांची युनिटं. इथले जुने रहिवासी आजही पत्ता सांगताना युनिटचा नंबर सांगतात. आरेचं बाटलीतलं दूध आणि 'एनर्जी' या नावाचं गोड दूध यांवर मुंबईच्या एका पिढीचं बालपण गेलं. त्या काळात आरे म्हटलं की डोळ्यांपुढे यायचं ते दूध. 'ग्रीन' हे विशेषण आरेला पुष्कळ नंतर चिकटलं.

पण दुधासाठी हिरवं लागतंच. तबेल्यातल्या माणसाच्या तोंडी चाऱ्याचे दोन प्रकार असतात, हिरवा आणि सुका. सुका म्हणजे पेंढा. हिरवा म्हणजे आरेपुरतं बोलायचं तर मुख्यतः पॅरा गवत. हे गवत जवळून पाहावं. ते पाणथळ जागी वाढतं, जमिनीवर आडवं पसरत जातं, आणि जिथे त्याचं पेर मातीला टेकतं तिथे नवं मूळ फुटतं. पेरांवर पांढरट लव असते, हात फिरवला तर बोटांना जाणवते. कापणारे पाण्यात उभं राहून विळ्याने सपासप कापतात. भारा बांधून खांद्यावर घेतला की कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकत राहतं आणि सदऱ्याची पाठ भिजते. त्या भाऱ्याच्या वजनात बहुतांश पाणीच असतं. 'ग्रीन' या शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे ओलं आणि वाढतं, मी मुलांना या गवतावरून सांगत असे. गवताचं नाव ब्राझीलमधल्या पारा प्रांतावरून पडलं आहे. आरेचा जो हिरवेपणा आपण निसर्गाचा समजतो, त्यातला हा भाग परदेशातून आला आणि माणसाने मुद्दाम लावला. रस्त्याकडेची कितीतरी मोठी झाडंही अशीच लावलेली आहेत. पण त्यांच्या आधी इथे डोंगरउतारावरचं पानझडी जंगल होतं, ओढे होते, आणि त्यात राहणारी माणसंही होती.

आरेत २७ आदिवासी पाडे आहेत असं सांगितलं जातं. केलटीपाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा, प्रजापूरपाडा, नवशाचा पाडा. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशा समाजांची ही वस्ती दूध वसाहतीच्या फार आधीची. पाड्यावरच्या बाईला पावसाळ्यात रानात नेलं आणि ही सगळी 'हिरवळ' किती सुंदर आहे असं म्हटलं, तर ती तुम्हाला हिरवळ दाखवणार नाही. टाकळा दाखवेल, कुरडू दाखवेल, भारंगी, फोडशी, शेवळं, करटुली दाखवेल. कशाची पानं कोवळी असतानाच खुडायची, शेवळाची खाज जायला त्यात काय घालायचं, हे सांगेल. जो रानात राहतो त्याला सगळं रान एकाच रंगाचं दिसत नाही.

वारली चित्रांकडे पाहिलं की हे पटतं. गेरूने किंवा मातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ही चित्रं. त्यात झाड असतं, वेल असते, शेत असतं, वाघोबा असतो. परंपरेने त्यात हिरवा रंग मात्र नसतो. डहाणूच्या जिव्या सोमा मशे यांना ज्या कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली, तिच्यातलं झाड पांढरं आहे आणि ते कुणालाही झाड म्हणून लगेच ओळखू येतं, कारण फांद्या कशा फुटतात ते काढणाऱ्याला ठाऊक असतं.

शिवाय आरे वर्षभर हिरवं नसतंच. मार्च-एप्रिलमध्ये युनिटांच्या मागच्या टेकड्यांवर पाहा. गवत पिवळं पडून वाळलेलं, बरीच झाडं बोडकी, आणि त्यात काटेसावर, पळस, पांगारा यांची लाल-केशरी फुलं. भूगोलाच्या पुस्तकात सदाहरित आणि पानझडी असे जंगलाचे वेगळे प्रकार आपण शिकतो. आरेची टेकडी दुसऱ्या प्रकारात बसते. उन्हाळ्यात तिचे फोटो काढून 'कुठे आहे जंगल?' असं विचारणं सोपं आहे आणि ते विचारलंही जातं. पण पानझडी जंगलाने उन्हाळ्यात पानं गाळायचीच असतात. बिबळ्या, ज्याला इथले लोक वाघच म्हणतात, त्या वाळलेल्या गवतातही असतो. ओशिवरा नदी या भागातून निघते आणि मिठी नदी विहार-पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन आरेच्या कडेने पुढे जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीने काय केलं, ते मुंबई विसरलेली नाही. २०१० साली झीशान मिर्झा आणि राजेश सानप या अभ्यासकांनी विंचवाच्या एका नव्या जातीची नोंद केली आणि तिला आरेचंच नाव दिलं. दगडाखाली राहणारा हा जीव. त्याच्या आरेत रंगाला काही किंमत नाही, दगड जागच्या जागी राहण्याला आहे.

सरकारी कागदांवर मात्र रंगाला फार किंमत असते. नगररचनेच्या नकाशात जमिनीला रंग देतात, आणि महाराष्ट्रात कुठेही जमीन घ्यायला गेलात तर एजंट पहिल्या वाक्यात सांगतो की प्लॉट यलो झोनमध्ये आहे की ग्रीन झोनमध्ये. पिवळा म्हणजे राहण्यासाठी बांधकाम करता येईल अशी जमीन. हिरवा म्हणजे शेती किंवा ना-विकास. पिवळ्याचा भाव चढा, हिरव्याचा कमी. इथे 'ग्रीन' हे विशेषण जमिनीवर काय उगवतं ते सांगत नाही, तिच्यावर काय बांधता येणार नाही ते सांगतं. खडकाळ माळही ग्रीन झोन असू शकतो आणि गर्द आमराईही यलो झोनमध्ये येऊ शकते. आणखी महत्त्वाचं म्हणजे हा रंग अधिसूचनेने बदलता येतो. झाड कापावं लागत नाही, ओळ बदलली की पुरतं.

आरेत हेच झालं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ५ डिसेंबर २०१६ ला जाहीर झालं. त्यात आरेचा मोठा भाग आला, पण मेट्रो कारशेडसाठी १६५ हेक्टर जमीन वगळली गेली. २०१७ मध्ये कारशेडची जागा ना-विकास क्षेत्रातून बाहेर काढली गेली. 'वनशक्ती' आणि 'आरे कॉन्झर्वेशन ग्रुप' आरेला जंगल म्हणावं यासाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे नॅशनल ग्रीन ट्रायब्युनलकडे गेले होते. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या या लवादाच्या नावातला 'ग्रीन' म्हणजे पर्यावरणाचे खटले. पण अमुक जागा जंगल आहे की नाही, हे ठरवून देणं त्याच्या अधिकारात बसलं नाही आणि २०१८ साली तो दावा तिथे संपला.

जंगल कशाला म्हणायचं, यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आधीच उत्तर दिलेलं आहे आणि भाषेच्या शिक्षिकेला ते विसरता येत नाही. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशात न्यायालयाने म्हटलं की 'फॉरेस्ट' या शब्दाचा अर्थ शब्दकोशातल्या अर्थाप्रमाणे घ्यावा, मग ती जमीन कुणाच्याही मालकीची असो आणि सरकारी दप्तरात तिची नोंद काहीही असो. फेब्रुवारी २०२४ मध्येही, वनसंवर्धन कायद्यातल्या नव्या दुरुस्तीला आव्हान मिळालं तेव्हा, याच अर्थाप्रमाणे चालावं असा अंतरिम आदेश झाला. कोट्यवधी एकरांचं भवितव्य शब्दकोशातल्या एका नोंदीला टेकलेलं आहे. 'ग्रीन'ला मात्र असं संरक्षण नाही. त्याचा अर्थ प्रत्येक खातं आपापल्या कामापुरता ठरवतं. भारतीय वन सर्वेक्षण संस्था एक हेक्टर किंवा अधिक जमिनीवर झाडांच्या शेंड्यांची सावली दहा टक्के असली की ते वनाच्छादन धरते. झाडं जंगलाची की लागवडीची, देशी की परदेशी, हे त्यात पाहिलं जात नाही. म्हणून देशाचं 'ग्रीन कव्हर' वाढलं ही बातमी खरी असू शकते आणि त्याच वर्षी एखादं जुनं जंगल गेलेलंही असू शकतं.

पुढचा इतिहास बहुतेकांना आठवत असेल. २९ ऑगस्ट २०१९ ला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने कारशेडच्या जागेवरची २,६४६ झाडं हटवायला मंजुरी दिली, त्यातली २,१८५ तोडायची आणि ४६१ दुसरीकडे लावायची. ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. लोक धावत आले, जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावरून ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडं पडली होती. मग सरकार बदललं, काम थांबलं, कारशेड कांजूरमार्गला नेण्याची घोषणा झाली, तीही न्यायालयात अडकली, पुन्हा सरकार बदललं आणि जुलै २०२२ मध्ये आरेवरची स्थगिती उठली. मधल्या काळात, जून २०२१ मध्ये, आरेतली ८१२ एकर जमीन वनखात्याकडे देण्यात आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आणखी ८४ झाडांपुरती परवानगी मागण्याची मुभा मिळाली, पण मागणी त्याहून जास्त झाडांची झाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल मेट्रो कंपनीला दहा लाख रुपये भरायला लावले.

या सगळ्यात दोन्ही बाजू 'ग्रीन' हाच शब्द वापरत होत्या, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पाड्यावरचा माणूस आणि रस्त्यावर उभी राहिलेली कॉलेजची मुलं म्हणत होती की आरे ग्रीन आहे, ते राहू द्या. मेट्रोची बाजू म्हणत होती की साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो लाखो लोकांना गाड्यांमधून बाहेर काढेल, धूर कमी होईल, म्हणून प्रकल्पच ग्रीन आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं खोटं नाही. मेट्रो ३ आता आरे ते कफ परेड धावते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्ग, आणि मीही तिने जाते. पण पहिला 'ग्रीन' एका जागेबद्दल बोलतो, दुसरा हिशेबाबद्दल. इथलं झाड गेलं तरी हवेतल्या कार्बनच्या वहीत जमा जास्त दिसते, असा हा हिशेब. त्या वहीत विंचवाचा दगड कुठे लिहायचा, शेवळं उगवण्याची जागा कुठल्या रकान्यात, हे ठरलेलं नाही. दोन माणसं एकच विशेषण वापरून दोन वेगवेगळ्या नामांबद्दल भांडत असली की भांडण मिटत नाही. नाम आधी ठरवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

सगळीकडेच 'ग्रीन' इतका निसरडा असतो असं नाही. काही ठिकाणी त्याला आकडा बांधलेला आहे आणि तिथे तो विश्वासाचा होतो. केंद्र सरकारने २०२३ साली 'ग्रीन हायड्रोजन'ची व्याख्या केली. एक किलो हायड्रोजन तयार करताना दोन किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड इतकं प्रदूषण होता कामा नये. वायू तर रंगहीन आहे, पण व्याख्या स्वच्छ आहे. दिवाळीतले 'ग्रीन फटाके' नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या पुढाकाराने २०१८ च्या सुमारास तयार झाले. त्यांच्यातून निघणारे धूलिकण नेहमीच्या फटाक्यांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी असावेत, एवढाच त्यांचा दावा. धूर होतोच. आईबापांनी पोरांच्या हातात ते देताना 'ग्रीन आहे, चालतंय' असं म्हणू नये. उरलेला सत्तर टक्के धूर पोरांच्याच छातीत जातो. विजेवर चालणाऱ्या गाडीची हिरवी नंबरप्लेट, खाद्यपदार्थाच्या पाकिटावरचा शाकाहाराचा हिरवा ठिपका, अवयव नेण्यासाठी पोलिसांनी रिकामा केलेला 'ग्रीन कॉरिडॉर', हेही सगळे नियमाने बांधलेले अर्थ आहेत. ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढंच सांगतो, तो पौष्टिक आहे असं सांगत नाही.

परवानगीचा हिरवा तर मूळचा तसा नव्हताच. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये रेल्वेचा लाल दिवा म्हणजे थांबा, पांढरा म्हणजे जा आणि हिरवा म्हणजे जपून, असा संकेत होता. पांढरा दिवा इतर दिव्यांत हरवू लागला, गफलती झाल्या, आणि मग हिरव्याला 'जा' हा अर्थ मिळाला. आपल्याकडे गार्डच्या हातातल्या दिव्यावरून 'हिरवा कंदील दाखवणे' हा वाक्प्रचार इतका रुळला की आज तो इंग्रजीतून आल्यासारखा वाटतच नाही.

चित्रनगरीतला 'ग्रीन' आणखी वेगळा. दादासाहेब फाळके चित्रनगरी १९७७ साली आरेच्याच टेकड्यांवर उभी राहिली. तिथे स्टुडिओत कलाकाराच्या मागे हिरवं कापड ताणतात आणि संगणकावर ते कापड पुसून त्या जागी गड, समुद्र, स्वर्ग काहीही आणतात. सेटवरची माणसं याला 'क्रोमा' म्हणतात. हिरवाच रंग का, तर माणसाच्या कातडीत तो नसतो आणि डिजिटल कॅमेऱ्याचं सेन्सर हिरवा रंग सर्वांत बारकाईने टिपतं. पण नायिकेने हिरवा शालू आणि हिरवा चुडा घातलेला असेल तर तोही कापडाबरोबर पुसला जाईल, म्हणून अशा वेळी निळं कापड लावावं लागतं.

जाहिरातीतल्या 'ग्रीन'बद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण तिथे आपला पैसा जातो. पर्यावरणाचं नुसतं नाव घेऊन माल खपवण्याला 'ग्रीनवॉशिंग' म्हणतात. १९८६ साली जे वेस्टरव्हेल्ड या अमेरिकन अभ्यासकाने हॉटेलांबद्दल लिहिताना हा शब्द वापरला. टॉवेल पुन्हा वापरा, निसर्ग वाचवा, असं सांगणाऱ्या हॉटेलांना प्रत्यक्षात धुलाईचा खर्च वाचवायचा होता, असं त्याचं निरीक्षण. आपल्याकडे घरांच्या जाहिरातीत हा प्रकार सर्रास दिसतो. इमारतींना 'ग्रीन' मानांकन देण्याची खरी पद्धत आहे. इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल ही संस्था २००१ साली सुरू झाली आणि पाणी, वीज, बांधकामाचं साहित्य, कचरा अशा गोष्टी तपासून ती सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या देते. अशा मानांकनाचा कागद दाखवता येतो. पण खिडकीतून आरेची टेकडी दिसते म्हणून इमारत ग्रीन होत नाही. टेकडी दुसऱ्याची असते, आणि तिच्याकडे तोंड करून आणखी चार इमारती उभ्या राहिल्या की ती दिसेनाशीही होते.

यावर आता नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली', 'नॅचरल' असे शब्द मोघमपणे वापरता येत नाहीत. दावा संपूर्ण वस्तूबद्दल आहे, तिच्या एखाद्या भागाबद्दल की नुसत्या पॅकिंगबद्दल, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावं लागतं आणि तपासता येईल असा पुरावा द्यावा लागतो. म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. फ्लॅटच्या माहितीपत्रकात, साबणाच्या खोक्यावर किंवा फटाक्यांच्या पुडक्यावर 'ग्रीन' दिसलं की विक्रेत्याला दोन गोष्टी लेखी विचारा: यातलं काय ग्रीन आहे आणि ते कुणी मोजलं. उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि तिथे मराठीतही तक्रार करता येते.